जेद्दा कुठे आहे?

मी ३१ वर्षे गोव्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि भूगोल हे दोन विषय शिकवले. जगाच्या भूगोलाविषयी आपल्या समाजात असलेले अज्ञान हा या लेखाचा विषय आहे. पण ते इतरांचे अज्ञान म्हणून मांडण्याचा अधिकार मला नाही, म्हणून सुरुवात स्वतःपासून करतो.

२०२४च्या जानेवारीतली गोष्ट. येमेनमधील हुथींनी तांबड्या समुद्रातल्या व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू करून दोनेक महिने झाले होते. आमच्या वाड्यावरच्या एका बाईंचा मुलगा मालवाहू बोटीवर आहे. आमच्याकडे अशा दर्यावर्दी माणसाला तारवटी म्हणतात. तिन्हीसांजेला त्या आमच्या सोप्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, म्हज्या पुताची बोट जेद्दाक वता. टीव्हीर दाखयतात तें थंयच न्हू?”

मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, “नाही हो वहिनी. जेद्दा सौदी अरेबियात. सौदी म्हणजे आखाती देश. हल्ले होतात ते तांबड्या समुद्रात. आखात वेगळे, तांबडा समुद्र वेगळा. तुम्ही निर्धास्त राहा.” त्यांना बरे वाटले. चहा घेऊन त्या घरी गेल्या.

रात्री उगाच चाळा म्हणून मी कपाटातला जुना शालेय नकाशासंग्रह काढला आणि जेद्दा शोधू लागलो. ते इराणच्या समोर सापडेना. मग बोट डावीकडे सरकवत नेले. जेद्दा अरबी द्वीपकल्पाच्या दुसऱ्या कडेला, थेट तांबड्या समुद्राच्या काठावर निघाले. मक्केला जाणारे यात्रेकरू शतकानुशतके ज्या बंदरात उतरत आले, ते हे बंदर. भारताकडून तिथे सरळ जायचे तर एडनच्या आखातातून बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीत शिरावे लागते. टीव्हीवर दाखवत होते ती जागा हीच.

सकाळी मी नकाशासंग्रह काखेत मारून त्यांच्या घरी गेलो आणि आदल्या दिवशी सांगितलेले चुकीचे होते, हे कबूल केले. त्या रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, की रात्री मुलाचा फोन आला होता. मास्तरांनी काही भय नाही म्हणून सांगितले आहे, असे त्यांनी त्याला कळवले. “तो कांयच उलयलो ना,” त्या म्हणाल्या. तो का बोलला नाही हे त्यांना तेव्हा कळले नव्हते. आता दोघांनाही कळले. आपली बोट कुठे चालली आहे हे मुलाला ठाऊक होते. आईला मिळालेला धीर खोटा आहे हेही ठाऊक होते. त्याने तो मोडला नाही.

या प्रसंगानंतर माझी चूक नेमकी कशाने झाली, याचा मी बराच विचार केला. सौदी अरेबिया मला माहीत नव्हता असे नाही. त्याची राजधानी, तिथले तेल, तिथले वाळवंट मी वर्षानुवर्षे शिकवले. मला फसवले ते ‘आखाती देश’ या शब्दाने. आपली वृत्तपत्रे, आपली घरे, परदेशी नोकरीची भाषा यांत हा शब्द इतका रुळला आहे, की त्याखाली येणारे सगळे देश एकाच पाण्याच्या काठी आहेत असे चित्र मनात आपोआप तयार होते. प्रत्यक्षात सौदी अरेबियाला दोन किनारे आहेत. पूर्वेला इराणचे आखात, तिथे दम्माम. पश्चिमेला तांबडा समुद्र, तिथे जेद्दा. दोहोंमध्ये हजार किलोमीटरहून अधिक वाळवंट आहे. येमेन तर त्या आखातावर नाहीच.

अज्ञान म्हणजे डोक्यातली रिकामी जागा, असे आपण समजतो. ती जागा बहुधा रिकामी नसते. सवयीच्या शब्दांनी, अर्धवट ऐकलेल्या बातम्यांनी आणि भिंतीवरच्या एखाद्या नकाशाने ती आधीच भरलेली असते. ज्याची जागा रिकामी असते, तो माणूस विचारतो. त्या बाईंनी विचारले. ज्याची चुकीने भरलेली असते, तो माझ्यासारखा ठामपणे उत्तर देतो.

स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी नेमकी हीच गोष्ट मोजून दाखवली. त्यांच्या संस्थेने २०१७ साली १४ देशांतल्या सुमारे १२ हजार लोकांना जगाच्या स्थितीविषयी प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय होते. जगातल्या एक वर्षाच्या मुलांपैकी किती मुलांना निदान एखादी लस मिळते, असा एक प्रश्न होता. पर्याय होते २०, ५० आणि ८० टक्के. उत्तर ८० टक्के. पहिल्या १२ प्रश्नांपैकी लोकांची सरासरी दोनच उत्तरे बरोबर आली. डोळे मिटून कोणत्याही पर्यायावर बोट ठेवले असते, तरी चार बरोबर आली असती. म्हणजे लोकांना माहिती नव्हती एवढेच नव्हे; जे माहीत आहे असे वाटत होते, तेच चुकीचे होते. रोसलिंग यांचे ‘फॅक्टफुलनेस’ हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर २०१८ साली आले. त्यात हे सारे दिलेले आहे.

अशा अज्ञानाने कोणाचे काय बिघडते? अमेरिकेतली दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. २००३ साली अमेरिकेने इराकवर स्वारी केली. तीन वर्षांनी, २००६ साली, नॅशनल जिओग्राफिकच्या वतीने १८ ते २४ वयाच्या अमेरिकन तरुणांची पाहणी झाली. आपलेच सैनिक जिथे लढत होते, तो इराक १०० पैकी ६३ जणांना नकाशावर दाखवता आला नाही. पुढे २०१४ साली रशियाने क्रिमिया घेतला, तेव्हा तीन राज्यशास्त्रज्ञांनी २,०६६ अमेरिकन लोकांना नकाशावर युक्रेन दाखवायला सांगितले. सहांपैकी जेमतेम एकाला ते जमले. पुढचा निष्कर्ष अधिक काळजीचा होता. ज्याचे बोट खऱ्या युक्रेनपासून जितके लांब पडले, तितका अमेरिकेने तिथे सैन्य घालावे याकडे त्याचा कल अधिक. जो देश कुठे आहे हे ठाऊक नाही, तिथे युद्ध सुचवणे सोपे जाते.

यावर अमेरिकेला हसून मोकळे होता येणार नाही. आपण ‘आफ्रिकेत’ काहीतरी घडले असे सहज म्हणतो. तिथे संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले ५४ देश आहेत. ‘आशियात पूर आला’ असे मात्र आपण कधी म्हणत नाही. इराणला आपण अरब देशांत टाकतो. तिथली मुख्य भाषा फारसी, आणि तिच्यातून आलेले जमीन, शहर, हजार हे शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो.

आपल्या मनातल्या या नकाशात तीन प्रकारच्या चुका असतात, असे मला शिक्षकाच्या अनुभवावरून वाटते.

पहिली आकाराची. वर्गाच्या भिंतीवर अनेकदा असतो तो नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा. मर्केटरने तो १५६९ साली खलाशांसाठी काढला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारे जहाज त्यावर सरळ रेषेत दाखवता येते, हा त्याचा गुण. त्यासाठी द्यावी लागणारी किंमत अशी, की विषुववृत्तापासून दूर जावे तसतसे प्रदेश फुगत जातात. त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. आपला भारतही ग्रीनलंडच्या दीडपट भरतो. नकाशा खोटा नाही; बोटीवर शोभणारा नकाशा आपण वर्गात टांगला.

दुसरी चूक नावांची. पाठ्यपुस्तकात ‘तांबडा समुद्र’ असतो, वृत्तपत्रात ‘लाल समुद्र’. हे दोन्ही एकच, हे सगळ्या मुलांना कळते असे समजू नये. नायजर आणि नायजेरिया हे वेगळे देश. काँगो नावाचे देश दोन. गिनी हे नाव मिरवणारे देश चार, त्यांतला पापुआ न्यू गिनी तर आफ्रिकेत नाहीच. त्यात नावे बदलतात. बर्माचा १९८९ साली म्यानमार झाला, स्वाझीलंडचे २०१८ साली इस्वातिनी झाले. बातमीदार नवे नाव लिहितो, वाचकाच्या मनात जुने असते आणि दोघांची गाठ पडत नाही.

तिसरी चूक संबंध तुटल्याची, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. आपल्याला नाव माहीत असते, गोष्टही माहीत असते, पण ती जागेला जोडलेली नसते. वासुदेव बळवंत फडके यांचा मृत्यू १८८३ साली एडनच्या तुरुंगात झाला, हे मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेले असते. एडन येमेनमध्ये आहे, हे किती जणांच्या मनात येते? इंग्रजांनी १८३९ साली एडन घेतले आणि त्यानंतर जवळजवळ शतकभर त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. ज्या येमेनचे नाव आमच्या वाड्यावर एकदम परके होऊन आले, त्याचे एक शहर आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात मुंबईच्या दप्तरात होते. तसेच मंडालेचे. टिळकांनी तिथल्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले, हे मुलांना पाठ असते. २०२५च्या मार्चमध्ये म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला तो याच मंडालेजवळ, हे किती वर्गांत सांगितले गेले असेल?

मी स्वतः हे कसे शिकवले तेही सांगतो. ‘सुएझ कालवा कोणत्या दोन समुद्रांना जोडतो?’ हा एका गुणाचा प्रश्न मी बहुधा दरवर्षी घातला. मुले बरोबर उत्तर लिहीत. कालवा बंद पडला तर काय होईल, हे मी एकदाही विचारले नाही. २०२१च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाची ४०० मीटर लांबीची बोट त्या कालव्यात आडवी अडकली आणि सहा दिवस वाहतूक ठप्प झाली. त्या बोटीवरचे सगळे २५ खलाशी भारतीय होते. तरीही मला तो प्रश्न सुचला नाही. तो विचारला आमच्या वाड्यावरच्या, शाळा चौथीत सोडलेल्या बाईंनी. त्या सकाळी माझ्या बोटामागून नकाशावर नजर फिरवत त्या म्हणाल्या, “मागीर दुसरी वाट ना?”

दुसरी वाट आहे. आफ्रिका खंडाला पूर्ण वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून. आशियातून युरोपला जाणाऱ्या बोटीला त्या वाटेने साधारण साडेतीन हजार सागरी मैल अधिक पडतात आणि दहा दिवस किंवा त्याहून अधिक लागतात. इंधन वाढते, विमा वाढतो, मालाची किंमत वाढते, बोटीवरच्या माणसाचे घरी येणे लांबते. सांगता सांगता माझ्या लक्षात आले, की मी हीच वाट इतिहासाच्या अंगाने शेकडो मुलांना सांगितली आहे. १४९७ साली निघून १४९८ साली कालिकतला पोचलेला वास्को द गामा याच वाटेने आला. पोर्तुगीज १५१०मध्ये गोव्यात आले तेही याच वाटेने. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि ही वाट मागे पडली. आता बाब-अल-मंदेबच्या जेमतेम ३० किलोमीटर रुंदीच्या तोंडाशी बसलेल्या काही सशस्त्र माणसांनी जगाचा व्यापार पुन्हा त्या वाटेला लावला होता. माझ्या वर्गात गामा इतिहासात राहिला, सुएझ भूगोलात राहिला, आणि बोटीवरचे गोंयकार कशातच आले नाहीत.

कोणाच्या मनातला नकाशा कोणी काढला, हेही पाहायला हवे. माझे वडील पोर्तुगीज काळातल्या शाळेत शिकले. तेजु, दोरु, मोंदेगु, ग्वादियाना या पोर्तुगालच्या नद्या त्यांना म्हातारपणीही क्रमाने पाठ होत्या. तापी कुठे उगम पावते हे मात्र त्यांना माझ्या पुस्तकातून कळले. त्यांचा भूगोल लिस्बनहून आला. माझा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतून आला. आजच्या मुलांचा मोबाइलच्या पडद्यावरून येतो. तिथे निळा ठिपका नेहमी आपण उभे आहोत तिथेच असतो आणि बाकीचे जग त्याच्याभोवती फिरते.

मग काय करावे? हे भाषेच्या अकादमीचे वार्षिक आहे, म्हणून भाषेच्या बाजूने काही सुचवतो.

मराठीच्या शिक्षकांनी भूगोल भूगोलवाल्यांवर सोडू नये. आपल्या शब्दांतच जग आहे. काजू आणि अननस हे शब्द ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे आले. बटाटा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या शब्दावरून आला. बसराई केळ्यात इराकचे बसरा बंदर आहे, मस्कती डाळिंबात ओमानचे मस्कत, हबशी या शब्दात आजचा इथिओपिया. जंजिरा म्हणजे अरबीतले जझीरा, बेट. नववीच्या मुलांना दहा शब्द द्यावेत आणि त्यांची घरे नकाशावर शोधायला सांगावीत. शब्दाला गाव मिळाले की गाव विसरत नाही.

परिभाषाही उलगडून सांगावी. ‘सामुद्रधुनी’ हा शब्द मुलांना अवघड वाटतो तो नुसता पाठ करायला लावल्यामुळे. संस्कृतात धुनी म्हणजे नदी. दोन भूभागांमधून नदीसारखी अरुंद वाहणारी समुद्राची पट्टी ती सामुद्रधुनी. इतके सांगितले तरी बाब-अल-मंदेब आणि होर्मुझ डोळ्यांसमोर उभे राहतात.

लेखक, अनुवादक आणि बातमी लिहिणाऱ्यांना एक विनंती. परक्या स्थळाचे नाव पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य जास्त लिहावे. ते कोणत्या समुद्रावर आहे, शेजारी कोण, आपला त्याच्याशी संबंध काय. नाव बदललेले असेल तर जुनेही द्यावे. ‘आखाती’सारखा सोयीचा शब्द वापरताना तो इथे खरोखर लागू आहे का, हे एकदा तपासावे. मराठीत हे काम नवे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या लोकस्थितीवर मराठीत आख्खा ग्रंथ लिहिला. तिथला कारभार, शाळा, घरे, स्त्रियांच्या संस्था त्यांनी मराठी वाचकाला समजतील अशा शब्दांत उलगडून सांगितल्या. आपल्याकडे साधने त्यांच्या शंभरपट आहेत.

आणि विद्यार्थ्यांना एक सोपा उद्योग. वर्गात एक पृथ्वीगोल ठेवावा. प्रत्येकाने आपल्या घरातले, नात्यातले, शेजारातले कोण कुठे आहे ते विचारून यावे आणि तिथे टिकली लावावी. गोव्यातल्या कुठल्याही वर्गात कुवेत, दुबई, लिस्बन, इंग्लंडमधले स्विंडन आणि दोन-चार बोटी तरी निघतील. इंदूर-बडोद्याच्या वर्गात वेगळी ठिकाणे निघतील. मग दोरा घेऊन गोलावर अंतरे मोजावीत. राजधान्या पाठ करण्यापेक्षा यातून जास्त कळेल. कारण त्या टिकलीपाशी कोणीतरी आपले असेल.

त्या बाईंच्या मुलाची बोट जेद्दाला गेली नाही. कंपनीने माल ओमानच्या सलाला बंदरात उतरवला आणि बोट आफ्रिकेला वळसा घालून युरोपकडे निघाली. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘मार्लिन लुआंडा’ नावाच्या तेलवाहू जहाजावर एडनच्या आखातात क्षेपणास्त्र पडले आणि आग लागली. त्यावर २२ भारतीय होते. भारतीय नौदलाची युद्धनौका मदतीला धावली आणि सगळे वाचले. बातमी आली त्या दिवशी बाई धावत आल्या नाहीत. नकाशासंग्रह मी त्यांच्याकडेच ठेवला होता. त्यांनी स्वतः एडनचे आखात शोधले, मुलाने फोनवर सांगितलेले ठिकाण शोधले आणि दोहोंमध्ये किती वीत अंतर आहे ते मोजले. दुपारी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तो खूप खाली गेला आहे, पण ज्यांच्या आया मोजू शकत नाहीत त्यांचे काय?

मुलगा चवथीला घरी आला. नकाशासंग्रह अजून परत आलेला नाही, आणि मीही मागितलेला नाही.